आठशेची जन्मपत्रिका

तुमच्या घरी सध्या गाडी घ्यायचं चाललंय का? चाललं असेल, तर संवादही साधारण असाच चाललेला असणार. बाबा म्हणतात, "नवी परवडायची नाही, जुनी बघू." आई म्हणते, "दुसऱ्याच्या घरची कटकट आपल्या दारात कशाला?" आजोबा पेपरातून डोकं वर काढून विचारतात, "किती देते?" म्हणजे एका लिटरला किती किलोमीटर. आणि तुम्ही मध्ये काही बोललात, की सगळे मिळून तुम्हाला गप्प करतात : तुला काय कळतंय त्यातलं!

तर दोस्तांनो, आज त्यातलं थोडं कळून घेऊ. कारण खरं सांगायचं, तर जुनी गाडी बघायला जाताना बारावीच्या खालचं एक तरी माणूस बरोबर हवंच. मोठी माणसं रंग बघतात, किमतीवर वाद घालतात आणि मालकाने दिलेल्या चहात अडकतात. सीटखाली डोकं घालून बघायला त्यांची कंबर वाकत नाही!

उदाहरणादाखल आपण एकच गाडी घेऊ. मारुतीची अल्टो ८००, पेट्रोलवर चालणारी. ही गाडी ऑक्टोबर २०१२ मध्ये बाजारात आली, तेव्हा तिची दिल्लीतली सुरुवातीची शोरूम किंमत २ लाख ४४ हजार रुपये होती. २०२३ साली ती बनायची थांबली. म्हणजे आता रस्त्यावर दिसणारी प्रत्येक अल्टो ८०० जुनीच. तिच्या घराण्यात तिच्याआधी मारुती ८०० होऊन गेली. १४ डिसेंबर १९८३ रोजी पहिल्या मारुती ८०० ची किल्ली ग्राहकाच्या हातात पडली आणि जानेवारी २०१४ पर्यंत ती गाडी बनत राहिली. तुमच्या आईबाबांच्या लहानपणी 'गाडी' म्हटलं की बहुतेकांना तीच आठवायची.

नावातल्या ८०० चं काय? तर गंमत अशी, की इंजिन ८०० चं नाहीच. ते आहे ७९६ सी.सी.चं, म्हणजे ७९६ घन सेंटिमीटरचं. पटत नसेल तर वही काढा. या इंजिनात तीन सिलिंडर असतात. एकेका सिलिंडरचा व्यास ६८.५ मिलिमीटर, आणि त्यात दट्ट्या, म्हणजे पिस्टन, ७२ मिलिमीटर वरखाली होतो. वृत्तचितीचं घनफळ काढायचं सूत्र तुमच्या पुस्तकात आहेच : पाय गुणिले त्रिज्येचा वर्ग गुणिले उंची. त्रिज्या ३.४२५ सेंटिमीटर. तिचा वर्ग ११.७३. त्याला ३.१४१६ ने गुणा, मग ७.२ ने गुणा. एका सिलिंडरचे साधारण २६५ घन सेंटिमीटर आले. आता तीनदा. ७९६! भूमितीचा हा धडा शिकताना "याचा पुढे उपयोग काय?" असं ज्यांनी विचारलं असेल, त्यांनी हे बाईंना जरूर दाखवावं.

याच इंजिनाची आणखी एक ओळ माहितीपत्रकात असते : ४८ पीएस, ६००० आरपीएमला. पीएस म्हणजे एका प्रकारची अश्वशक्ती. ७५ किलोचं वजन एका सेकंदात एक मीटर वर उचलायला जी ताकद लागते ती एक पीएस. मग ४८ पीएस म्हणजे ३६०० किलो, एका सेकंदात एक मीटर वर. एवढ्याशा डब्यात केवढी ताकद, नाही? पण थांबा. ही ताकद मिळते ती इंजिन मिनिटाला ६००० वेळा फिरेल तेव्हा, म्हणजे सेकंदाला १०० फेरे. आपल्याकडे रोजच्या चालवण्यात कोणी इतकं पिळत नाही. म्हणून तिच्याशेजारची ओळ जास्त महत्त्वाची : टॉर्क, म्हणजे पीळ, ६९ न्यूटन मीटर, ३५०० आरपीएमला. एक मीटर लांबीचा पाना घ्या, त्याच्या टोकाला सात किलोची पिशवी टांगा. तो पाना जेवढ्या जोराने फिरू बघेल, साधारण तेवढा हा पीळ. गिअरमधून जाताना तो वाढतो आणि मग चाकांना मिळतो.

हा पीळ पुरतो का? एकट्याला, गावात, सहज. पण हिशेब करा. गाडीचं स्वतःचं वजन ७०० किलोंच्या आसपास. त्यात आई, बाबा, आजी, तुम्ही आणि ताई बसलात, वर आजोळहून आणलेलं तांदळाचं पोतं डिकीत टाकलंत, की ३०० किलो सहज वाढले. म्हणजे गाडीने स्वतःच्या वजनाच्या चाळीस टक्के ओझं अंगावर घेतलं. म्हणून खंबाटकी किंवा कुंभार्लीच्या घाटात बाबा एसी बंद करतात, तेव्हा तो कंजूसपणा नसतो. एसीचा कॉम्प्रेसर इंजिनाचाच जोर खातो, आणि छोट्या इंजिनाला तेवढंही जाणवतं.

माहितीपत्रकातले दोन आकडे तुम्ही शाळेच्या मैदानावर तपासू शकता. पहिला, टर्निंग रेडियस ४.६ मीटर. ४.६ मीटर लांब सुतळी घ्या, एकाने मध्ये धरून उभं राहायचं, दुसऱ्याने टोकाला खडू बांधून गोल काढायचा. एवढ्या गोलात अल्टो पूर्ण वळते. आता तुमच्या घरापुढची गल्ली मोजा. वाडा किंवा चाळीच्या बोळात राहणाऱ्यांना हा आकडा सगळ्यात प्यारा! दुसरा, ग्राउंड क्लिअरन्स १६० मिलिमीटर. कंपासपेटीतली पट्टी उभी धरा, तीपेक्षा जेमतेम एक सेंटिमीटर जास्त. नियमाप्रमाणे बांधलेला गतिरोधक दहा सेंटिमीटर उंच असतो, म्हणजे अडचण यायला नको. पण आपल्याकडे नियम वाचून गतिरोधक कोण बांधतं? शिवाय पाच माणसं बसली की गाडी खाली दबते ते वेगळंच.

आता आजोबांचा प्रश्न. किती देते?

२०१२ ची अल्टो ८०० लिटरला २२.७४ किलोमीटर देते असं कागदावर होतं. २०१६ च्या सुधारित गाडीचा आकडा २४.७ झाला, आणि बीएस-६ गाडीचा २२.०५. हे आकडे कुठून येतात ठाऊक आहे? आपल्या पुण्यात, वेताळ टेकडीच्या उतारावर एआरएआय नावाची संस्था आहे, वाहनांची तपासणी करणारी. तिथे अशा चाचण्या होतात. गाडी मोठ्या रुळांवर उभी करतात, चाकं जागच्या जागी फिरतात, आणि ठरलेल्या वेळापत्रकाप्रमाणे वेग कमीजास्त करतात. तिथे खड्डे नाहीत, गुरं नाहीत, लग्नाची वरात नाही. म्हणून तो आकडा दोन गाड्यांची तुलना करायला चांगला. तुमच्या घरच्या खर्चाचा हिशेब त्यावर मांडू नका.

खरा आकडा काढायची रीत सोपी आहे. टाकी काठोकाठ भरा, किलोमीटरचं रीडिंग लिहून ठेवा. दोनतीन आठवडे गाडी चालवा. मग पुन्हा काठोकाठ भरा, शक्यतो त्याच पंपावर. समजा मधल्या काळात ३६० किलोमीटर झाले आणि २० लिटर पेट्रोल बसलं, तर १८ चा ॲव्हरेज. ही वही घरातल्या सहावी-सातवीतल्या कोणीही सांभाळावी. एक गोष्ट मात्र लक्षात ठेवा. २०२५ पर्यंत देशातल्या बहुतेक पंपांवर २० टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल आलं. इथेनॉल आपल्या उसापासूनही बनतं, पण एका लिटरमध्ये त्याची ऊर्जा पेट्रोलपेक्षा साधारण एक तृतीयांश कमी. त्यामुळे ॲव्हरेज थोडा घसरणारच. जुन्या गाडीत इंधनाच्या रबरी नळ्यांकडेही फिटरला एकदा बघायला सांगावं.

इथपर्यंत आकड्यांची गंमत झाली. पण एक आकडा असा आहे की त्याच्याकडे गंमत म्हणून बघता येत नाही. गाडीचं साल.

जुनी गाडी घेताना लोक साल बघतात ते किमतीसाठी. जेवढं साल जुनं तेवढे पैसे कमी. पण अल्टोसारख्या छोट्या गाडीत साल म्हणजे आणखी काहीतरी असतं. १ एप्रिल २०१९ पासून आपल्या देशात विकल्या जाणाऱ्या नव्या मोटारींना एबीएस सक्तीचं झालं. जोरात ब्रेक दाबला तर चाकं जागीच अडकून गाडी घसरू नये म्हणून ही सोय असते. १ जुलै २०१९ पासून चालकापुढची एअरबॅग सक्तीची झाली. मागे घेताना वाजणारा सेन्सर आणि वेग वाढला की वाजणारा इशाराही त्याच दिवसापासून. (तो इशारा ८० च्या पुढे अधूनमधून वाजतो आणि १२० च्या पुढे थांबतच नाही. बाबांना त्याचा राग येतो. येऊ द्या.) चालकाशेजारच्या माणसाला एअरबॅग सक्तीची व्हायला मात्र २०२२ चा जानेवारी उजाडला.

म्हणजे २०१५ ची आणि २०२० ची अल्टो शेजारी उभ्या केल्या, तर बाहेरून सख्ख्या बहिणी वाटतील. पण २०१५ च्या गाडीत एअरबॅग असेल ती फक्त पहिल्या मालकाने जादा पैसे मोजून मागून घेतली असेल तरच. एबीएस तर नाहीच.

२०१४ च्या जानेवारीत ग्लोबल एनकॅप या संस्थेने भारतातल्या पाच छोट्या गाड्या ताशी ६४ किलोमीटर वेगाने अडथळ्यावर आदळवून बघितल्या. त्यात एअरबॅग नसलेली अल्टो ८०० होती. पुढच्या सीटांवर मोठ्या माणसांचे पुतळे बसवले होते. पाचपैकी एकाही गाडीला मोठ्यांच्या सुरक्षिततेसाठी पाचातला एकसुद्धा तारा मिळाला नाही. अल्टोचा सांगाडाच धडकेला पुरा पडला नाही, असं संस्थेने म्हटलं. म्हणजे पुढे ज्या नव्या अल्टोंना एअरबॅग मिळाली, त्यांचा सांगाडा आपोआप मजबूत झाला असं समजायचं कारण नाही. पण काहीच नसण्यापेक्षा ती बरी.

मला विचाराल तर, एसी थोडा कमी गार चालेल, गाण्यांचा डबा नसला तरी चालेल, रंग आवडता नसला तरी चालेल. पण पैसे थोडे वाढवून २०१९ च्या जुलैनंतरची गाडी मिळत असेल, तर तीच बघावी. आईबाबांनो, हे वाक्य खास तुमच्यासाठी. आणि ती परवडत नसेल, तर गावातल्या कामापुरती जुनी घ्या, पण महामार्गावर ताशी १०० ने पळवायचा मोह धरू नका. ते तिचं काम नव्हे.

आता चला, गाडी बघायला जाऊ. शक्यतो सकाळी जा आणि मालकाला आधीच सांगा, की आम्ही येईपर्यंत गाडी सुरू करू नका. थंड इंजिन खरं बोलतं. गेल्या गेल्या बॉनेटवर तळहात हलकेच ठेवून बघा. गरम लागला, तर मालकाने ती आधीच सुरू करून ठेवली होती. का बरं? कदाचित थंडीत ती पटकन सुरू होत नसेल.

मग एकाने मागे उभं राहायचं, धुराड्यापासून चार पावलं लांब. गाडी सुरू झाली की धूर बघा. निळसर असेल तर इंजिन ऑइल जळतंय, हे मोठ्या खर्चाचं लक्षण. काळा असेल तर पेट्रोल नीट जळत नाही. पांढरी वाफ हिवाळ्यात दोनचार मिनिटं येते, त्यात काही नाही. पण दाट पांढरा धूर थांबतच नसेल, तर इंजिनात कुठेतरी पाणी शिरतंय. तीन सिलिंडरचं इंजिन उभ्या जागी थोडं थरथरतंच, त्याला घाबरू नका. कुलर हलावा तशी गाडी हलायला लागली, तर मात्र फिटरला विचारा. बॉनेट उघडलंच आहे, तर टायमिंग बेल्ट कधी बदलला ते विचारून बिल मागायचं. हा पट्टा रबराचा असतो. तो वाटेत तुटला तर गाडी जागेवर बसते.

फ्रिजवर चिकटवायचं चुंबक तुमच्याकडे असेलच. ते मऊ रुमालात गुंडाळून खिशात ठेवा. दारं, मडगार्ड, डिकीचं झाकण यांवरून ते अलगद फिरवा. एके ठिकाणी घट्ट धरतं आणि दुसऱ्या ठिकाणी सुटून पडतं, असं झालं तर त्या जागी पत्र्यावर लांबी भरलेली आहे. ठोकर बसली होती आणि ती रंगाखाली झाकली आहे. बंपरला मात्र चुंबक चिकटणारच नाही, तो प्लास्टिकचा असतो. उगीच तिथे आरडाओरडा करून आपलं हसं करून घेऊ नका!

टायरवर बरंच काही लिहिलेलं असतं. १४५/८० आर १२ असं वाचाल. टायर १४५ मिलिमीटर रुंद, त्याच्या ८० टक्के उंच, आणि आतली रिम बारा इंची. यावरून चाकाचा परीघ साधारण १.६९ मीटर निघतो, म्हणजे एका किलोमीटरला चाक जवळजवळ ५९० वेळा फिरतं. त्याच टायरवर एका लंबगोल चौकटीत चार आकडे असतात. उदाहरणार्थ २३१७. म्हणजे २०१७ सालच्या तेविसाव्या आठवड्यात हा टायर बनला. गाडी २०२० ची आणि टायर २०१७ चा, हे कसं? विचारा की! कधी चौकटीतले आकडे आतल्या बाजूला असतात. वाकून बघायचं काम तुमचं.

किलोमीटरचं रीडिंग मागे फिरवलेलं असू शकतं, म्हणून ते दुसऱ्या खुणांशी ताडून बघा. मीटरवर २५,००० आणि क्लचच्या पेडलचं रबर झिजून गुळगुळीत झालेलं, स्टिअरिंग चकचकीत झालेलं, तर काहीतरी लपवलंय. सर्व्हिसच्या बिलांवर दर खेपेचं रीडिंग असतं. ती तारखेप्रमाणे लावा. आकडा कुठेही मागे गेलेला दिसला, की नमस्कार करून निघा.

आता मागच्या सीटवर जा. इथली तपासणी तुमचीच, कारण इथे बसणार तुम्ही. मागचे सीट बेल्ट कुठे आहेत? पुष्कळ गाड्यांत ते सीट कव्हरखाली दडपलेले असतात, वर्षानुवर्षं कोणी काढलेलेच नसतात. दोन्ही बाजूंचे पट्टे शेवटपर्यंत बाहेर ओढा. झटका दिला की अडकतो का? सोडला की परत आत जातो का? बकल खटकन लागतं का? मागे बसणाऱ्यांनीही पट्टा लावायचा नियम आहेच. आणि २०१९ च्या दुरुस्तीनंतर, चौदा वर्षांखालचं मूल पट्ट्याशिवाय किंवा लहान मुलांच्या खास सीटशिवाय नेलं, तर चालवणाऱ्याला हजार रुपये दंड आहे.

पट्टा शेवटपर्यंत ओढायला सांगितलं त्याला आणखी एक कारण आहे. पुरात बुडालेल्या गाड्या धुऊनपुसून विकायला येतात. २६ जुलै २००५ ला मुंबईत आणि २०१९ च्या ऑगस्टमध्ये कोल्हापूर-सांगलीत किती गाड्या पाण्याखाली गेल्या ते घरच्यांना विचारा. अशा गाडीची सीटं धुता येतात, कुबट वास अत्तराने झाकता येतो. पण गुंडाळलेल्या पट्ट्याच्या आतल्या टोकाचे मातीचे डाग धुवायचं कोणाच्या लक्षात येत नाही. पायाखालचा गालिचा उचलून पत्र्यावर गंज आहे का तेही बघा, आणि डिकीत स्टेपनीच्या खड्ड्यात गाळ.

चक्कर मारताना तुम्ही गप्प बसायचं आणि कान उघडे ठेवायचे. गाणी बंद. मोकळ्या जागी स्टिअरिंग पूर्ण वळवून सावकाश गोल फिरवायला सांगा. पुढच्या चाकाकडून कट-कट असा आवाज आला, तर ड्राइव्ह शाफ्टचा सांधा गेलाय. किल्ली फिरवली की डॅशबोर्डवर एअरबॅगचा दिवा क्षणभर लागून विझायला हवा. लागतच नसेल, तर आनंद मानू नका. दिवा बंद करून ठेवला असण्याची शक्यता आहे.

कागदपत्रांचं काम मोठ्यांचं, पण वाचून दाखवायला तुम्ही. आरसीवरचा चासी नंबर १७ अक्षर-अंकांचा असतो. मारुतीचा एमए३ ने सुरू होतो. तो गाडीवर कोरलेल्या नंबरशी एकेक अक्षर जुळवा. मालक कितवा आहे, बँकेचा बोजा आहे का, हे आरसीवर कळतं. बोजा असेल तर आधी बँकेचं पत्र आणि ३५ नंबरचा फॉर्म. गाडी नावावर करायला २९ आणि ३० नंबरचे फॉर्म. न भरलेले दंड गाडीच्या नंबरावरून ऑनलाइन दिसतात, ते व्यवहाराच्या आधीच मालकाला भरायला लावा. विमा आपल्या नावावर करायला १४ दिवसांत कंपनीला कळवायचं. सीएनजी किट बसवलं असेल, तर त्याची नोंद आरसीवर हवी आणि सिलिंडरची दर तीन वर्षांची चाचणी झालेली हवी. शिवाय ते सिलिंडर १७७ लिटरच्या डिकीत बसलं, की तांदळाचं पोतं मांडीवर!

नोंदणी पंधरा वर्षांची असते. २०१३ ची गाडी आज स्वस्त मिळाली, तरी २०२८ मध्ये पुन्हा पासिंग, शुल्क आणि पर्यावरण कर आहेच. किमतीचं बोलणं करताना हे बाबांच्या कानात सांगा.

आणि सगळं पसंत पडलं, टोकन द्यायची वेळ आली, की डिकी पुन्हा उघडा. स्टेपनीत हवा आहे का, जॅक आहे का, चाक खोलायचा पाना आहे का ते बघा. पाना बहुधा नसतोच. तो आत्ताच मागून घ्या.